जॉर्जिया राज्यातील निवडणुका : मताचे वजन आणि मोजणाऱ्याचा हात

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ज्या राज्यांच्या राजकारणाकडे जगाचे लक्ष वारंवार वेधले जाते, त्यांत जॉर्जियाचे स्थान बरेच वरचे आहे. काळ्या समुद्राकाठी याच नावाचा एक स्वतंत्र देश आहे. त्याच्याशी या राज्याचा काही संबंध नाही. येथे विचार करावयाचा आहे तो अटलांटा ही राजधानी असलेल्या आणि २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे एक कोटी सात लाख लोकसंख्या असलेल्या अमेरिकी राज्याचा. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत या राज्यात सुमारे ५० लाख मते पडली आणि निकाल लागला तो अवघ्या ११,७७९ मतांच्या फरकाने. त्या फरकावरून जे वादळ उठले, ते समजून घ्यावयाचे तर या राज्याच्या निवडणूक पद्धतीचा आणि तिच्या शंभर-दीडशे वर्षांच्या इतिहासाचा परिचय आवश्यक आहे. त्या इतिहासात दोन प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसतात. प्रत्येकाच्या मताचे वजन सारखे आहे काय? आणि ती मते मोजणारा हात कोणाचा?

कोणकोण निवडून येते?

आपल्याकडे राज्यपाल नियुक्त होतो आणि खरी सत्ता मुख्यमंत्र्यांच्या हाती असते. जॉर्जियात गव्हर्नर हाच राज्याचा कार्यकारी प्रमुख असून तो थेट जनतेकडून चार वर्षांसाठी निवडला जातो. लागोपाठ दोनच वेळा त्याला हे पद भूषविता येते. परंतु त्याचे प्रमुख सहकारी त्याने निवडलेले नसतात. लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, अॅटर्नी जनरल, शालेय शिक्षण अधीक्षक, तसेच कृषी, विमा व कामगार या खात्यांचे आयुक्त या साऱ्यांची निवड मतदार स्वतंत्रपणे करतात. साहजिकच गव्हर्नर एका पक्षाचा आणि लेफ्टनंट गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा असेही घडू शकते. यांपैकी कोणालाही गव्हर्नर आपल्या मर्जीने पदावरून दूर करू शकत नाही. २०१८, २०२२, २०२६ अशा क्रमाने या पदांच्या निवडणुका होतात.

यांतील सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदाचा परराष्ट्र व्यवहाराशी संबंध नाही. राज्याची मुद्रा, अधिकृत दप्तर, कंपन्यांची नोंदणी आणि मुख्य म्हणजे निवडणुकांची व्यवस्था ही त्याची कामे. आपल्याकडे निवडणुकांसाठी स्वतंत्र आयोग आहे. जॉर्जियात हे काम पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडे आहे. प्रत्यक्ष मतदान व मोजणी काउंटीच्या पातळीवर होते.

पब्लिक सर्व्हिस कमिशन हे आणखी एक निर्वाचित मंडळ. नावावरून आपल्या लोकसेवा आयोगाची आठवण होते, पण नोकरभरतीशी त्याचा संबंध नाही. खासगी वीज व वायू कंपन्यांचे दर ठरविणे हे त्याचे मुख्य काम. त्याच्या पाच सदस्यांची मुदत सहा वर्षांची असते. विधिमंडळात ५६ जणांचे सिनेट व १८० जणांचे प्रतिनिधिगृह असून दोन्हींची मुदत दोन वर्षांची आहे. अधिवेशन दरवर्षी जानेवारीत सुरू होते व ते ४० कामकाजी दिवसांचे असते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीशही सहा वर्षांसाठी मतदारांकडूनच, मात्र पक्षचिन्हाविना, निवडले जातात.

राज्यात १५९ काउंट्या आहेत. ही संख्या टेक्सासखालोखाल देशात सर्वाधिक आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराने बहुधा तालुक्याएवढा. प्रत्येक काउंटीत शेरीफ म्हणजे पोलीस प्रमुख, वारसा न्यायाधीश, न्यायालयाचा मुख्य लिपिक आणि कर आयुक्त हे निवडून येतात. बहुतेक काउंट्यांत अपमृत्यूची चौकशी करणारा कॉरोनरही निवडून येतो. सरकारी वकीलही निर्वाचित असतो. एवढ्या पदांसाठी मत मागणाऱ्या समाजात मत कोणाला द्यावयाचे यापेक्षा मत देऊ कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न दीर्घकाळ अधिक तीव्र होता.

मतपेटीपर्यंतची वाट

यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला आणि १८६८ मध्ये त्यांचे प्रतिनिधी जॉर्जियाच्या विधिमंडळात पोहोचले. त्याच वर्षी गोऱ्या बहुमताने त्यांतील बहुतेकांना सभागृहाबाहेर काढले. राज्यघटनेने मत देण्याचा हक्क दिला आहे, पद धारण करण्याचा नाही, असा युक्तिवाद त्यासाठी करण्यात आला. केंद्राच्या हस्तक्षेपाने १८७० मध्ये ते परतले, पण हा विजय अल्पकाळ टिकला. १८७७ च्या घटनेने मतदानासाठी भरावयाचा कर साचत जाणारा केला. एक वर्ष कर चुकला तर पुढच्या वेळी मागील साऱ्या थकबाकीसह तो भरावा लागे. १९०८ च्या घटनादुरुस्तीने साक्षरतेची व मालमत्तेची अट आली. डेमोक्रॅटिक पक्षाने आपली पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी, केवळ गोऱ्यांपुरती ठेवली. त्या काळी राज्यात दुसरा पक्ष नावापुरताच असल्याने प्रायमरी जिंकणारा निवडून आल्यातच जमा असे.

या भिंतीला मोठे भगदाड पाडले ते कोलंबस शहरातील प्रायमस किंग या केशकर्तनकार व धर्मोपदेशकाने. ४ जुलै १९४४ रोजी ते प्रायमरीत मत देण्यास गेले असता त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांनी दावा लावला, १९४५ मध्ये जिंकला आणि पुढील वर्षी अपील न्यायालयातही तो निकाल कायम राहिला. याच सुमारास एलिस आर्नल या सुधारणावादी गव्हर्नरांच्या कारकीर्दीत मतदान कर रद्द झाला. १९४३ मध्ये मतदानाचे वय १८ वर आणणारे जॉर्जिया हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. भारतात हा बदल होण्यास १९८९ साल उजाडले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९४६ पर्यंत राज्यातील नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदारांची संख्या एक लाखावर गेली.

एका मताची शंभर मते

मतपेटीपर्यंत पोहोचूनही मताचे वजन सारखे नव्हते. १९१७ च्या कायद्याने डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी 'काउंटी युनिट' पद्धत लागू झाली होती. आठ सर्वांत मोठ्या काउंट्यांना प्रत्येकी सहा, त्यांखालील ३० काउंट्यांना प्रत्येकी चार आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी दोन युनिटे, अशी एकूण ४१० युनिटे असत. काउंटीत सर्वाधिक मते मिळविणाऱ्याला तिची सारी युनिटे मिळत.

१९६० च्या जनगणनेत अटलांटा शहर ज्या काउंटीत येते त्या फुल्टनची लोकसंख्या ५,५६,३२६ होती. एकॉल्स या सर्वांत लहान काउंटीची होती १,८७६. पहिलीला सहा युनिटे, दुसरीला दोन. म्हणजे एकॉल्समध्ये एका युनिटामागे ९३८ माणसे, तर फुल्टनमध्ये ९२,७२१. एकॉल्समधील एका रहिवाशाचे वजन फुल्टनमधील जवळजवळ ९९ रहिवाशांइतके भरत होते. तीन चिमुकल्या काउंट्या एकत्र आल्या की अटलांटाची बरोबरी होत असे. कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी शहरांत वाढत असताना ही पद्धत कोणाच्या पथ्यावर पडत होती, हे निराळे सांगावयास नको. ग्रामीण गोऱ्यांचे लोकप्रिय नेते यूजीन टालमेज हे तर, ज्या काउंटीत ट्राम धावते तेथील मतांची आपल्याला गरज नाही, अशी फुशारकी मारीत, असे सांगितले जाते.

१९४६ च्या प्रायमरीत याचा प्रत्यय आला. जेम्स कारमायकल यांना टालमेज यांच्यापेक्षा सुमारे १६ हजार मते अधिक पडली. परंतु युनिटांत टालमेज यांनी २४२ विरुद्ध १४६ अशी बाजी मारली आणि नोव्हेंबरात ते गव्हर्नरपदी निवडून आले.

एक राज्य, तीन गव्हर्नर

पुढे घडले ते कोणत्याही कादंबरीत शोभण्याजोगे होते. पदग्रहण करण्यापूर्वीच, २१ डिसेंबर १९४६ रोजी, यूजीन टालमेज यांचे निधन झाले. नव्या राज्यघटनेने लेफ्टनंट गव्हर्नर हे पद निर्माण केले होते, पण निर्वाचित गव्हर्नर शपथेपूर्वीच वारला तर काय, याचे स्पष्ट उत्तर तिच्यात नव्हते. टालमेज यांच्या प्रकृतीची चिंता असलेल्या समर्थकांनी मतपत्रिकेवर त्यांचा मुलगा हर्मन याचे नाव हाताने लिहून थोडी मते आधीच टाकून ठेवली होती. जनतेने दिलेल्या मतांतील हयात उमेदवारांमधून विधिमंडळाने निवड करावी, असा त्यांचा आग्रह होता.

मोजणीत मात्र हर्मन तिसऱ्या क्रमांकावर आले. कारमायकल ६६९, टालमेज बावर्स ६३७ आणि हर्मन ६१७! मग टालमेज घराण्याच्या टेलफेअर काउंटीत न मोजलेली ५८ मते 'सापडली' आणि हर्मन ६७५ मतांसह पहिले झाले. या मतदारांची नावे वर्णानुक्रमाने लागलेली होती आणि त्यांतील काहींचा मृत्यू आधीच झाला होता, हे नंतर 'अटलांटा जर्नल' या दैनिकाचे वार्ताहर जॉर्ज गुडविन यांनी उघडकीस आणले. त्याबद्दल त्यांना १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

जानेवारी १९४७ मध्ये विधिमंडळाने हर्मन यांची निवड केली. मावळते गव्हर्नर आर्नल यांनी खुर्ची सोडण्यास नकार दिला. निर्वाचित लेफ्टनंट गव्हर्नर मेल्विन थॉम्प्सन यांनीही पदावर हक्क सांगितला. हर्मन यांच्या माणसांनी कार्यालय बळकावले. परंतु राज्याची मुद्रा होती सेक्रेटरी ऑफ स्टेट बेन फोर्टसन यांच्याजवळ, आणि मुद्रेशिवाय कोणताही आदेश अधिकृत ठरत नव्हता. चाकांच्या खुर्चीवर वावरणाऱ्या फोर्टसन यांनी ती मुद्रा खुर्चीतील उशीखाली दडविली व न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत कोणाच्याही हाती लागू दिली नाही. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्प्सन यांच्या बाजूने कौल दिला आणि हर्मन यांना पायउतार व्हावे लागले. मात्र १९४८ च्या विशेष निवडणुकीत ते रीतसर निवडून आले.

'एक व्यक्ती, एक मत'

काउंटी युनिट पद्धतीविरुद्ध अनेक दावे फेटाळले गेल्यानंतर फुल्टनमधील मतदार जेम्स सँडर्स यांचा दावा निर्णायक ठरला. १९६२ मध्ये संघीय न्यायालयाने या पद्धतीला मनाई केली. १८ मार्च १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रे विरुद्ध सँडर्स' खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ती घटनाबाह्य ठरविली. केंद्राच्या वतीने स्वतः अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी युक्तिवाद केला होता. न्या. विल्यम डग्लस यांच्या निकालपत्रातील 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व पुढे देशभराच्या मतदारसंघ रचनेचा पाया बनले.

परिणाम तत्काळ दिसला. १९६२ मध्येच राज्य सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि अटलांटातून लेरॉय जॉन्सन हे निवडून आले. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना पर्वापासून कोणीही कृष्णवर्णीय त्या सभागृहात पोहोचला नव्हता. त्याच निवडणुकीत प्लेन्स गावचा भुईमुगाचा एक शेतकरी उमेदवार होता. क्विटमन काउंटीत उघडपणे झालेल्या गैरप्रकारांमुळे तो हरल्याचे जाहीर झाले. मतदान केलेल्यांपेक्षा पेटीतील मतपत्रिका अधिक होत्या. त्याने न्यायालयात दाद मागितली, निकाल फिरविला आणि सिनेट गाठले. १९७० मध्ये तो गव्हर्नर व १९७६ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. जिमी कार्टर हे त्याचे नाव. अध्यक्षपदानंतर देशोदेशींच्या निवडणुकांचे निरीक्षण हे कार्टर यांनी आपले जीवितकार्य मानले, त्याचे बीज बहुधा क्विटमनच्या त्या पेटीत असावे.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने उरलेले अडथळे दूर केले. निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची अनुमती घेण्याचे बंधन जॉर्जियावर आले. ते २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत लागू होते.

दुसऱ्या फेरीचे राजकारण

जॉर्जियाच्या निवडणुकीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे 'रनऑफ', अर्थात दुसरी फेरी. निम्म्याहून अधिक मते कोणालाही न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. १९६४ च्या कायद्याने ही अट सरसकट लागू झाली. कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा मते एका उमेदवाराला मिळून तो विभागलेल्या गोऱ्या मतांमुळे विजयी होऊ नये, हा हेतू असल्याचे कायद्याचे पुरस्कर्ते डेन्मार्क ग्रूव्हर यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

गव्हर्नरपदासाठी मात्र तेव्हा बहुमताअभावी विधिमंडळाने निवड करावयाची तरतूद होती. १९६६ मध्ये रिपब्लिकन हॉवर्ड कॅलवे यांना वंशभेदाचे कट्टर समर्थक लेस्टर मॅडॉक्स यांच्यापेक्षा सुमारे तीन हजार मते अधिक पडली. पण कोणालाच बहुमत नव्हते. डेमोक्रॅटिक विधिमंडळाने मॅडॉक्स यांना गव्हर्नर केले. त्यानंतर १९६८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गव्हर्नरपदासाठीही जनतेची दुसरी फेरी आली.

दुसऱ्या फेरीचा नियम सत्ताधाऱ्यांच्या सोयीने वाकविलाही गेला. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटसाठी डेमोक्रॅटिक वाइच फाउलर पहिल्या फेरीत पुढे असूनही दुसरीत हरले. मग त्यांच्या पक्षाच्या विधिमंडळाने बहुमताची अट ४५ टक्क्यांवर आणली. २००२ मध्ये सॉनी पर्ड्यू यांच्या रूपाने सुमारे १३० वर्षांनी रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला आणि २००५ मध्ये ती अट पुन्हा ५० टक्के झाली.

पंच आणि खेळाडू

२०१८ मध्ये गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार होते ब्रायन केम्प. त्या वेळी तेच सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, म्हणजे आपल्याच निवडणुकीचे पंच! मतदार याद्यांतून वगळलेली नावे व अडकून पडलेले नोंदणी अर्ज यांवरून गदारोळ झाला. केम्प यांनी पद सोडले ते मतदान पार पडल्यावर. स्टेसी अब्राम्स यांच्यावर त्यांनी सुमारे ५५ हजार मतांनी मात केली. त्यांच्या जागी ब्रॅड राफेन्सपर्गर हे रिपब्लिकन नेते डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत निवडून आले.

दोनच वर्षांनी त्यांची कसोटी लागली. २०२० मध्ये जो बायडेन हे १९९२ नंतर जॉर्जिया जिंकणारे पहिले डेमोक्रॅटिक उमेदवार ठरले. सर्व मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या, नंतर यंत्राने फेरमोजणी झाली. निकाल बदलला नाही. २ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी राफेन्सपर्गर यांना दूरध्वनी केला. सुमारे तासभराच्या या संभाषणात त्यांनी ११,७८० मते, म्हणजे फरकापेक्षा एक अधिक, शोधून काढण्याची मागणी केली. आपली आकडेवारी बरोबर आहे, असे राफेन्सपर्गर यांचे उत्तर होते. गव्हर्नर केम्प यांनीही निकाल उलटविण्यासाठी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावण्यास नकार दिला. दोघेही ट्रम्प यांच्याच पक्षाचे, हे विशेष.

तीनच दिवसांनी, ५ जानेवारीला, अमेरिकी सिनेटच्या दोन्ही जागांची दुसरी फेरी झाली. राफाएल वॉरनॉक आणि जॉन ऑसॉफ या डेमोक्रॅटिक उमेदवारांनी ती जिंकली व सिनेटमधील सत्तेचे पारडे फिरले. मार्टिन ल्यूथर किंग ज्या चर्चचे धर्मगुरू होते, त्याच चर्चचे वॉरनॉक हे धर्मगुरू. जॉर्जियातून अमेरिकी सिनेटवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. कृष्णवर्णीयांच्या मतांना आवर घालण्यासाठी आणलेल्या दुसऱ्या फेरीतूनच ते निवडून यावेत, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

त्यानंतरची वळणे

मार्च २०२१ मध्ये नवा निवडणूक कायदा झाला. टपाली मतदानासाठी ओळखपत्राचा तपशील सक्तीचा झाला, दुसरी फेरी नऊ आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आली आणि मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना अन्नपाणी वाटण्यावर निर्बंध आले. राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून सेक्रेटरी ऑफ स्टेटला दूर करून ती नेमणूक विधिमंडळाच्या हाती गेली. ज्याने दबाव झुगारला त्याचेच अधिकार छाटले गेले, अशी टीका झाली. कायद्याने विश्वासार्हता वाढेल, असे समर्थक म्हणत राहिले.

मतदारांनी मात्र आपला कौल वेगळ्या प्रकारे दिला. २०२२ च्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेल्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून केम्प व राफेन्सपर्गर दोघेही नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जॉर्जिया सुमारे एक लाख १५ हजार मतांनी जिंकले. त्या निवडणुकीपूर्वी निवडणूक मंडळाने घाईने केलेले अनेक नियम न्यायालयाने रोखले व जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील चार रद्द ठरविले. २०२० च्या निकालासंबंधी ट्रम्प व इतरांवर ऑगस्ट २०२३ मध्ये फुल्टन काउंटीत दाखल झालेला फौजदारी खटला मूळ सरकारी वकील अपात्र ठरल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये संपुष्टात आला.

त्याच महिन्यात वीजदर ठरविणाऱ्या मंडळाच्या दोन जागा अॅलिशिया जॉन्सन व पीटर हबर्ड या डेमोक्रॅटिक उमेदवारांनी ६० टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकल्या. राज्यस्तरीय पदावर या पक्षाला यश मिळाले ते २००६ नंतर प्रथमच. वाढत्या वीजबिलांचा राग मतपेटीतून प्रकट झाला.

जॉर्जियाची पद्धत निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. निवडणुका चालविणारा अधिकारी स्वतःच उमेदवार होऊ शकतो, हे २०१८ मध्ये दिसले. परंतु तोच अधिकारी गव्हर्नरचा किंवा अध्यक्षांचा नोकर नसून थेट जनतेला उत्तरदायी असतो, याचा उपयोगही दोनदा झाला. १९४७ मध्ये एकाने मुद्रा सांभाळली, २०२१ मध्ये दुसऱ्याने आकडा सांभाळला. कायद्याने मताचे वजन समान केले तरी ते वजन काट्यावर खरे उतरविण्याचे काम अखेर माणसांनाच करावे लागते. म्हणूनच जॉर्जियाच्या मतदाराला गव्हर्नर कोण होणार यापेक्षाही सेक्रेटरी ऑफ स्टेट कोण होणार, हा प्रश्न आता अधिक गांभीर्याने विचारावा लागतो.